तीन बाळं आणि एकच अक्षर: नाशिकमधल्या एका तिळ्यांच्या नामकरणाचा प्रकरण अभ्यास

अपुऱ्या दिवसांची बाळं जन्मलेल्या कुटुंबांसोबत मी नाशिकमध्ये समुपदेशक म्हणून काम करते. नावांचा प्रश्न घेऊन माझ्याकडे सहसा कुणी येत नाही. दूध पुरत नाही, रात्र-रात्र झोप नाही, घरात कुणाचं कुणाशी पटेनासं झालंय, अशा कारणांनी लोक येतात. या घरातूनही आधी तसाच फोन आला होता. नावांचा विषय निघाला तो बोलता बोलता, आणि मग आमच्या बहुतेक भेटी त्यातच गेल्या.

कुटुंबाच्या संमतीने हे लिहिते आहे. राहण्याचा परिसर आणि नोकरीचे तपशील बदलले आहेत. मुलांची नावंही बदलली आहेत, मात्र मूळ नावं ज्या प्रकारची होती त्याच प्रकारची आणि एकमेकांशी तेवढीच मिळती किंवा वेगळी घेतली आहेत, कारण सगळं प्रकरण त्या सारखेपणावरच उभं आहे.

## पार्श्वभूमी

इंदिरानगर भागातलं एकत्र कुटुंब. वडील अंबडच्या एमआयडीसीत नोकरीला, आई खाजगी क्लासमध्ये शिकवणारी. घरात सासू-सासरे. नणंद सिडकोत, म्हणजे हाकेच्या अंतरावर. आईचं माहेर निफाडकडचं, द्राक्षबागायतदार. लग्नानंतर बरीच वर्षं मूल नव्हतं. उपचार घेतल्यावर दिवस राहिले आणि सोनोग्राफीत तीन ठोके दिसले.

त्याच सोनोग्राफीत आणखी एक गोष्ट कळली: दोन बाळं एकाच वारेवर (प्लॅसेंटावर) होती आणि तिसऱ्याची वार वेगळी. म्हणजे दोघं हुबेहूब एकसारखी असणार आणि तिसरं त्यांचं साधं भावंड. मुलगे की मुली, हे अर्थातच कुणालाच ठाऊक नव्हतं; १९९४च्या कायद्याने ते सांगणं गुन्हा आहे. एकाच बाळाच्या वेळी घरं दोन नावं मनात धरून ठेवतात, एक मुलाचं आणि एक मुलीचं. इथे चार शक्यता होत्या: तिन्ही मुलगे, तिन्ही मुली, जोडी मुलींची आणि मुलगा एकटा, किंवा उलट. आजोबा वारकरी. त्यांनी पहिल्याच दिवशी ब्रह्मा, विष्णू, महेश असं ठरवून टाकलं होतं. त्र्यंबकेश्वराच्या पिंडीत तिघे आहेत, आपल्याही घरी तिघे येणार, असा त्यांचा सरळ हिशोब. त्यामुळे बाकीच्या तीन शक्यतांचा विचार कुणी केलाच नाही.

२०२४च्या पावसाळ्यात, ३२ आठवडे पूर्ण झाल्यावर सिझेरियन झालं. आधी मुलगी, दीड किलो. मग मुलगा, एक किलो सातशे. शेवटी दुसरी मुलगी, एक किलो दीडशे ग्रॅम. तिघांमध्ये मिळून चार मिनिटांचंही अंतर नव्हतं. दोघी मुली एका वारेवरच्या. एकीच्या वाट्याला वारेचा मोठा भाग आला, दुसरीच्या लहान, म्हणून वजनात एवढा फरक. तिन्ही बाळं एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात गेली.

## अडचण कशी उभी राहिली

एनआयसीयूत बाळाला नाव नसतं. मनगटपट्टीवर आईचं नाव आणि पुढे बाळ १, २, ३ असे आकडे होते. पद्धत म्हणून यात काही गैर नाही. अमेरिकेतल्या रुग्णालयांना मानांकन देणाऱ्या जॉइंट कमिशनने तर २०१९पासून नवजात बाळांसाठी ठळक वेगळेपणा दाखवणारी ओळखपद्धत सक्तीचीच केली, आणि त्यांनी दिलेल्या उदाहरणात आईचं नाव, बाळाचं लिंग आणि जुळी असतील तर पुढे अक्षर असाच साचा आहे. आईचं नाव, आडनाव, जन्मतारीख सगळं सारखं असताना चुकीच्या बाळाला औषध जाण्याचा धोका खरा असतो.

पण आकडे पट्टीवरून घरात आले. "दोन नंबरनं आज किती दूध घेतलं?" असं फोनवर विचारलं जाऊ लागलं. सोनोग्राफीच्या कागदावर वेगळ्या वारेचं बाळ एक नंबरला होतं, जन्मताना ते दुसरं आलं. त्यामुळे आजोबांचा "पहिला" आणि डॉक्टरांचा "पहिला" यातही काही दिवस गोंधळ होता. आईला आकडे अजिबात सहन होत नव्हते.

बाराव्या दिवशी बारसं होणं शक्य नव्हतं, तरी आजीने गुरुजींना फोन केला. चंद्र आर्द्रा नक्षत्राच्या तिसऱ्या चरणात निघाला. नक्षत्राचे चार भाग म्हणजे चरण, आणि प्रत्येक चरणाला नावाचं पहिलं अक्षर ठरवून देणारा तक्ता म्हणजे अवकहडा चक्र; त्यात आर्द्रेची अक्षरं कू, घ, ङ, छ. तिसऱ्या चरणाचं अक्षर ङ! ङवरून नाव कुठून आणणार? अशा वेळी रूढीप्रमाणे ङऐवजी ग धरतात, तसा गुरुजींनी ग सांगितला. आणि तिघांनाही तोच. हे अनेक पालकांना नवल वाटतं, पण गणित सोपं आहे: चंद्राला एक नक्षत्र ओलांडायला साधारण एक दिवस लागतो, म्हणजे एका चरणाला सुमारे सहा तास. चार मिनिटांत जन्मलेल्या भावंडांचं नावरस अक्षर (पत्रिकेवरून येणारं नावाचं पहिलं अक्षर) बदलावं यासाठी चरणाची सीमा नेमकी त्या चार मिनिटांत यावी लागेल. जुळ्या-तिळ्यांची इतकी नावं एकाच अक्षरावरून का असतात, याचं एक कारण इथे आहे.

गुरुजींनी सुचवलेली नावं: गौरी, गौरव, गार्गी. आजीला आवडली, आत्याला आवडली, आई त्या वेळी टाके, पंप आणि एनआयसीयूच्या फेऱ्या यात बुडालेली. तिने हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. नावं वापरात आली.

इकडे वडिलांना कंपनीतल्या एका सहकाऱ्याने सांगितलं की २१ दिवसांत नाव नोंदवलं नाही तर दंड पडतो. त्यांनी घाईने महापालिकेच्या विभागीय कार्यालयात द्यायचा अर्ज भरून ठेवला. पत्नीची सही तेवढी राहिली होती.

मग मोठी मुलगी आणि मुलगा घरी आले. धाकटी अजून रुग्णालयातच. दोघांनाही रोज लोहाचे आणि ड जीवनसत्त्वाचे थेंब. एका सकाळी आई धाकटीकडे गेलेली, आजी स्वयंपाकघरात, आत्या खोलीत. कुकरच्या शिट्ट्या चालू. आजीने विचारलं, "गौरीला थेंब दिले का गं?" आत्याला ऐकू आलं "गौरवला". तिने "दिले" म्हटलं, कारण त्याला दिलेच होते. थोड्या वेळाने आजीने "आता गौरवचे" म्हणून त्याला पुन्हा पाजले. मुलाला दोनदा, मुलीला एकदाही नाही. संध्याकाळी आईने तक्त्यावर खुणा करताना विचारपूस केली तेव्हा कळलं. डॉक्टरांनी फोनवर धीर दिला, मुलाचा दुसऱ्या दिवशीचा डोस टाळायला सांगितला. बाळाला काही झालं नाही. घरातलं वातावरण मात्र बिघडलं. आत्या म्हणे मी नीट ऐकलं, आजी म्हणे मी नीट विचारलं. दोघीही खरं बोलत होत्या.

मला फोन आला तो या भांडणानंतर.

## घरासमोरचे पर्याय

पहिला पर्याय, आहे तेच पुढे नेणं: गौरी, गौरव, गार्गी. बाजूने बरंच काही होतं. गुरुजींचं अक्षर, ऐकायला गोड, आप्तेष्टांना कळवून झालेलं. विरुद्ध बाजूने थेंबांचा प्रसंग, आणि आईचं न बोललेलं "नको".

दुसरा पर्याय आजीचा, ग सोडायचाच असेल तर: गोदा, अरुणा आणि वरुण. पंचवटीत गोदावरीला मिळणाऱ्या अरुणा आणि वरुणा या दोन नद्या जुन्या नाशिककरांना माहीत असतात. रामकुंडाजवळचा अरुणासंगम त्यांतलाच. वरुणाचं वरुण केलं की मुलाचंही काम झालं. मला हा संच मनापासून आवडला होता, हे कबूल करायला हरकत नाही. नाशिकच्या घरात याहून नाशिकची नावं कोणती? पण अरुणा आणि वरुण लांबून हाक मारून पाहा. गौरी-गौरवची अडचण जराशी बदलून पुन्हा समोर येते.

तिसरा आजोबांचा. ब्रह्मा-विष्णू-महेश बाद झाल्यावर ते निवृत्तीनाथांकडे वळले. त्र्यंबकेश्वरला समाधी, दर पौषात ते यात्रेला जाणारे. निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ताबाई ही मुळात भावंडंच, त्यामुळे नात्याने नावं चोख बसतात. (हे वाटतं तेवढं क्षुल्लक नाही. भाऊ-बहिणीला राम-सीता किंवा शिव-गौरी ठेवायला निघालेली घरं मी पाहिली आहेत. जोडी देवळातली असते, पण नवरा-बायकोची!) अडचण एवढीच की तिथे तीन भाऊ आणि एक बहीण, इथे एक भाऊ आणि दोन बहिणी.

चौथा आत्याचा, मोबाइलवरच्या यादीतून: रिया, जिया, रियान. यावर फार वेळ गेला नाही. आत्याने स्वतःच दोनदा म्हणून पाहिलं आणि हसून सोडून दिलं.

पाचवा पर्याय आईच्या मनात होता पण शब्दांत आलेला नव्हता. तो बोलून दाखवायला तिला वेळ लागला. "दोघी मुलींची नावं जुळवतात आणि मुलाचं वेगळं ठेवतात, किंवा तिघांचंही एकच गाणं करतात. मला तीन माणसं हवीत," ती म्हणाली. आणि मग, रुग्णालयाच्या जिन्यात, हळू आवाजात: "तिसरीचं काही बरंवाईट झालं तर उरलेल्या दोघांची नावं जन्मभर अर्धी राहतील."

ते मला फार खरं वाटलं. संचातलं नाव सुटं झालं की प्रश्न विचारतं. लव नावाच्या मुलाला आयुष्यभर "कुश कुठंय?" ऐकावं लागतं, कुश कुठल्या गावी असो किंवा नसो.

## पहिला निर्णय: अर्ज थांबवणं

सगळ्यात आधी घाई काढून टाकायची होती. २१ दिवसांची मुदत जन्माची खबर देण्याची आहे, नावाची नाही. रुग्णालयात जन्म झाला की ती खबर रुग्णालयाच्या प्रमुखाने द्यायची असते, आणि ती दिली गेली होती. तिळ्यांचा जन्म असला तरी प्रत्येक बाळाचा स्वतंत्र नमुना भरला जातो, शेऱ्यात एकाधिक जन्माची नोंद होते. नावाची जागा कोरी ठेवता येते. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम १९६९च्या कलम १४मध्ये याची सोय आहे: नाव नंतर कळवता येतं, नोंदणीपासून १२ महिन्यांच्या आत विनाशुल्क, आणि त्यानंतर १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून.

म्हणजे त्यांच्या हातात दहा महिन्यांहून जास्त वेळ होता. उलट एकदा नाव चढलं की ते बदलणं कोऱ्या जागी नाव भरण्याइतकं सोपं राहत नाही. २०२३च्या दुरुस्तीमुळे १ ऑक्टोबर २०२३पासून जन्मलेल्या मुलांना हाच दाखला शाळाप्रवेश, वाहन परवाना, मतदारयादी अशा सगळ्या ठिकाणी जन्मतारखेचा आणि जन्मस्थानाचा पुरावा म्हणून चालणार आहे. तो घाईत भरू नये.

वडिलांनी अर्ज फाडला नाही, कपाटात ठेवला. मला ते बरं वाटलं. त्यांच्या आईसमोर अर्ज फाडणं म्हणजे तिची नावं फाडण्यासारखं झालं असतं.

तात्पुरती व्यवस्था म्हणून घरात आकडेही बंद आणि गची नावंही बंद. दुपट्यांच्या रंगावरून हाक ठरली: पिवळी, निळा, हिरवी. दुपटं बदललं की बाळ बदलायचं नाही, म्हणून एकेकाला त्या-त्या रंगाची सगळीच दुपटी दिली. धाकटी घरी येण्याआधीच मोठीच्या पायाच्या अंगठ्याला नेलपॉलिशचा ठिपका लावून ठेवायचं ठरलं. हुबेहूब जुळ्यांच्या घरांतली ही जुनी युक्ती आहे. आजीने काजळाची तीट सुचवली होती, एकीला उजव्या गालावर आणि दुसरीला डाव्या. ती अंघोळीत धुऊन जाते.

## दुसरा निर्णय: नावं कशी निवडली

मी त्यांच्याकडून दोन गोष्टी करवून घेतल्या. पहिली हाक मारून पाहण्याची. कुकर किंवा मिक्सर चालू असताना एकाने स्वयंपाकघरातून नाव घ्यायचं, दुसऱ्याने आतल्या खोलीत ऐकलेलं लिहायचं. गौरी आणि गौरव तिथेच पडली. इंग्रजी स्पेलिंगचीही पहिली चार अक्षरं एकच होती, जी, ए, यू, आर. आजीने हे स्वतः ऐकलं, स्वतः लिहिलं, आणि स्वतःच चष्मा काढून ठेवला. मी सांगून तिला पटलं नसतं.

यामागे अभ्यासही आहे. झेन्झी ग्रिफिन आणि थॉमस वँगरमन यांचा २०१३चा लेख सांगतो की एका मुलाला दुसऱ्याच्या नावाने हाक मारण्याची आईबापांची चूक भावंडांची नावं उच्चाराला जवळची असली की वाढते. सुरुवातीचा किंवा शेवटचा आवाज सारखा असला की जीभ घसरते. प्रेम किंवा लक्ष कमी आहे, असा त्याचा अर्थ नाही.

दुसरी गोष्ट कागदावरची. महाराष्ट्रात १ मे २०२४पासून जन्मलेल्या मुलांचं नाव सरकारी कागदपत्रांत चार शब्दांत लिहितात: स्वतःचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. ही तिळी त्या तारखेनंतरची. मी त्यांना तिघांची पूर्ण नावं एकाखाली एक लिहायला लावली. चारांपैकी तीन रकाने अक्षरशः तेच. जन्मतारीख तीच, पत्ता तोच. वेगळेपणाचा सगळा भार एका शब्दावर. पाच वर्षांखालच्या निळ्या बाल आधारमध्ये बोटांचे ठसे आणि डोळ्यांच्या खुणा घेतल्या जात नाहीत, फोटो तेवढा असतो. ठसे पाचव्या आणि पंधराव्या वर्षी. म्हणजे हुबेहूब दिसणाऱ्या दोघी बहिणींना पाच वर्षांपर्यंत कागदावर वेगळं करणारं मुख्य काय, तर ते पहिलं नाव. वडील हिशोबी माणूस, हा तक्ता पाहिल्यावर ते पहिल्यांदा ठाम बोलले: "आद्याक्षर तरी तिघांचं वेगळं पाहिजे."

तिथून पुढे गाडी सुरळीत चालली असं नाही. आजीला अक्षराचं उल्लंघन बोचत होतं. तोड गुरुजींनीच काढली. जन्मनाव वेगळं आणि व्यवहारातलं वेगळं ही आपल्याकडची जुनीच रीत. पत्रिकेत गची तीन नावं लिहून देतो, दाखल्यावर तुम्हाला हवी ती घाला, असं ते म्हणाले. आजीला हेही माहीत होतं, कारण तिच्या स्वतःच्या पत्रिकेतलं नाव कुणी कधी वापरलेलं नव्हतं.

मग संच मोडून त्यातून सुटी नावं उचलायचं ठरलं. आजोबांनी सुचवलेल्या संत भावंडांतून मुक्ता. आजीच्या नद्यांतून वरुण. तिसऱ्यासाठी आईने सुचवलं गौतमी. हे गोदावरीचंच नाव, गौतम ऋषींवरून, ब्रह्मगिरीशी जोडलेलं. आजीची नदी राहिली आणि ओघाने गही राहिला. गौतमी, मुक्ता, वरुण. आद्याक्षरं वेगळी, शेवट वेगळे, लांबी सारखी नाही. त्र्यंबक आणि गोदाकाठ तिघांतही आहे, पण तो शोधणाऱ्यालाच सापडेल. एकसारख्या दोघी मुलींची नावं एकमेकींशी मुळीच यमक जुळवत नाहीत, हे आईने मुद्दाम पाहिलं.

## तिसरा निर्णय: कोणतं नाव कुणाला

मुलाचं ठरलेलंच होतं. दोघी मुलींवर गाडी अडली. धाकटी अजून एनआयसीयूत, वजन हळूहळू वाढतंय. आईला तिच्यासाठी मुक्ता हवं होतं, नळ्यांतून मोकळी होऊन येणारी म्हणून. आजी एकदम गप्प झाली आणि मग म्हणाली, "तिला नको. मुक्ताई लवकर गेली." मुक्ताबाई कोवळ्या वयात वीज कडाडली तेव्हा गुप्त झाल्या, ही आख्यायिका वारकऱ्यांच्या घरात सगळ्यांना पाठ. नावाबद्दलची भीती या पिढीत नवी नाही. आधीची मुलं गेलेली असली की पुढच्याला धोंडू किंवा दगडू म्हणायची रीत आजीने आपल्या गावात पाहिली होती.

सुनेला हे अंधश्रद्धेचं वाटलं आणि तिने ते बोलून दाखवलं. इथे मी मध्ये पडले. माझं म्हणणं इतकंच होतं: रात्रीचं दूध पाजायला आजीच उठणार आहे, आणि जे नाव घेताना तिचा घसा दाटेल ते नाव त्या बाळाला कमी वेळा ऐकायला मिळेल. आईला हे लगेच पटलं नाही. दोन दिवसांनी तिचा निरोप आला, धाकटी गौतमी, मोठी मुक्ता. काही सहकाऱ्यांना वाटेल की मी भीतीला मान दिला. दिलाच. दोन्ही नावं आईला आवडलेली होती, अदलाबदलीने तिचं काही जात नव्हतं, आणि आजीचं बरंच राहत होतं. नाव आईला न आवडणारं असतं तर मी उलट बाजूने बोलले असते.

## बारसं आणि नोंदणी

धाकटी घरी आल्यावर, गर्दी टाळून, घरच्या बायकांत बारसं झालं. पाळणा एकच. तिघांना एकाच वेळी घालून एका दमात तीन नावं घ्यायची आत्याची तयारी होती. आईने एकेकाला वेगळं घालायला लावलं. प्रत्येक वेळी पाळण्याखालून देणं-घेणं, प्रत्येक वेळी कानात नाव, प्रत्येक वेळी आत्याच्या पाठीत धपाटे. तिसऱ्या वेळेपर्यंत आत्या दया मागत होती. घुगऱ्या वाटल्या. थेंबांच्या प्रकरणानंतर अबोला धरलेल्या दोघी त्या दिवशी एकमेकींशी पुन्हा नीट बोलू लागल्या.

नोंदणीला जाण्याआधी तिन्ही नावांची मराठी आणि इंग्रजी लिखावट एका कागदावर पक्की केली. दाखल्यावर दोन्ही लिप्यांत नाव येतं, आणि गौतमीचं इंग्रजी स्पेलिंग दोन-तीन प्रकारे होऊ शकतं. वरुणमधला रु ऱ्हस्व, हेही लिहून दिलं. तीन अर्ज तीन वेगळ्या पाकिटांत घातले. दाखले बरोबर आले.

## परिणाम

मुलं आता वर्षाच्या पुढची आहेत. थेंबांचा तसा घोटाळा पुन्हा झाला नाही. अर्थात त्याचं श्रेय नावांइतकंच भिंतीवरच्या तक्त्यालाही आहे. तिघंही आपापल्या नावाला वळतात. बाळं साधारण साडेचार महिन्यांची झाली की स्वतःचं नाव ओळखू लागतात, हे १९९५पासून माहीत आहे. यांची गणना जन्मतारखेवरून न करता पूर्ण दिवसांच्या हिशोबाने, म्हणजे दिवस भरले असते त्या तारखेपासून करायची, म्हणून आईला थोडं थांबायला सांगितलं होतं. गौतमी दोघांच्या मागून वळली आणि तेव्हा घरात फार चिंता झाली नाही.

शेजारच्या एक काकू अजून विचारतात, "जुळ्या मुलींची नावं जुळती का नाही ठेवली?" आई सांगते, चेहरे जुळतात तेवढं पुरे.

सगळं गोड झालं असं मात्र नाही. घरात "धाकटी" हा शब्द चिकटला आहे. दोन मिनिटांनी धाकटी असलेल्या मुलीला तो लागू करणं मला खटकतं, कारण वजनाने लहान म्हणून दिलेलं ते विशेषण वजन भरून आल्यावरही उतरलेलं नाही. तिला अजून उचलूनच जास्त घेतात, आणि मुक्ता ते बघते.

## काय वेगळं करता आलं असतं

तिन्ही नावं त्र्यंबक-नाशिकची, म्हणजे सासरच्या बाजूची. आईच्या आईला एकदाही कुणी विचारलं नाही. बाळंतपणात त्याच जास्त राबल्या, निफाडहून डबे त्यांचेच येत होते. नावं ठरवताना आमच्या बैठकीत ज्या खुर्च्या होत्या, त्यांत त्यांची नव्हती, आजोबांची होती. निफाडच्या आजी मुक्ताला आजही वेगळ्याच नावाने हाक मारतात, आणि ते नाव काय आहे हे सासरी कुणाला माहीत नाही. पुढच्या अशा घरात मी पहिल्याच भेटीत दोन्हीकडच्या आजींना फोनवर का होईना एकत्र घेईन.

तिळी आहेत हे बाराव्या-तेराव्या आठवड्यातच कळलं होतं. कलम १४ची एक ओळ तेव्हाच सांगितली गेली असती तर वडिलांनी तो अर्ज भरलाच नसता. गरोदरपणाच्या समुपदेशनात आहार, विश्रांती, धोक्याच्या खुणा सगळं असतं, नोंदणीचं काही नसतं. आता माझ्या पहिल्या सत्राच्या कागदावर ती ओळ आहे. तिच्याखाली दुसरी आहे, बाळं जन्मण्याआधीच घरच्या तात्पुरत्या हाका ठरवून ठेवण्याची, म्हणजे मनगटपट्टीवरचे आकडे घरापर्यंत येत नाहीत.

ज्याच्यावर मी अजून विचार करते आहे ती गोष्ट वेगळी आहे. आईने जिन्यात जे विचारलं, एक बाळ गेलं तर काय, ते मी बैठकीत कधीच आणलं नाही. तिनेही पुन्हा काढलं नाही. आजीच्या मनात तेच होतं, मुक्ता नको म्हणताना ती तेच म्हणत होती. दोघींनी एकमेकींसमोर ते उच्चारलं असतं तर कोणतं नाव कुणाला हा वाद झाला नसता, की जास्त चिघळला असता, हे या घरापुरतं मला ठरवता येत नाही.